गोंदिया जिल्ह्यातील हिवताप : संशोधन व नियंत्रण

हिवताप (मलेरिया) हा प्लास्मोडियम वंशातील परोपजीवी (दुसऱ्या जीवांवर उपजीविका करणाऱ्या) आदिजीवांमुळे होणारा व ॲनॉफेलीस डासाच्या मादीमार्फत पसरणारा रोग आहे. महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यात, विशेषतः त्याच्या जंगलव्याप्त पूर्व व दक्षिण भागांत, हा रोग दीर्घकाळ ठाण मांडून राहिला. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यामुळे त्यापूर्वीच्या काळातील येथील हिवतापाचा इतिहास हा भंडारा जिल्ह्याच्या, आणि १९५० पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या, इतिहासाचा भाग आहे. परोपजीवी, डास व माणूस या तिघांच्याही आनुवंशिकतेचा या रोगाशी निकटचा संबंध असून तो उलगडत गेला तसतसे नियंत्रणाचे उपायही बदलत गेले.

भूप्रदेश व रोगाचा प्रसार : जिल्ह्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा, पूर्वेस छत्तीसगड राज्य, दक्षिणेस गडचिरोली जिल्हा व पश्चिमेस भंडारा जिल्हा आहे. वैनगंगा आणि तिला मिळणाऱ्या बाघ, चुलबंद, गाढवी इ. नद्यांनी व उपनद्यांनी हा प्रदेश भिजविला आहे. भात हे मुख्य पीक आहे. कोहळी समाजाने बांधलेले व पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले असंख्य तलाव हे या भागाचे वैशिष्ट्य असून नवेगाव बांध हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाढवी नदीवरील इटियाडोह व बाघ नदीखोऱ्यातील प्रकल्पांमुळे कालव्यांचे जाळे वाढले. गोंदिया व तिरोडा तालुक्यांचा मोठा भाग मोकळा व लागवडीखालचा आहे. याउलट सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत टेकड्या, घनदाट जंगल व गोंड, हलबा इ. आदिवासी जमातींची वस्ती आढळते.

एवढे पाणी असूनही प्रत्येक पाणवठा सारखाच धोकादायक नसतो. हिवताप पसरविणाऱ्या डासांच्या जाती पाण्याच्या बाबतीत चोखंदळ असतात. मध्य भारताच्या ग्रामीण भागातील प्रमुख रोगवाहक जाती दोन : ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीस व ॲनॉफेलीस फ्लुव्हिॲटिलिस. पहिलीचे डिंभ (अळ्या) नुकत्याच रोवणी झालेल्या बांध्यांत, कालव्यांच्या पाझरपाण्यात व नदीपात्रातील डबक्यांत वाढतात. भात उंच होऊन पाण्यावर सावली पडू लागली की बांध्यांतील त्यांची संख्या घटते. दुसरी जाती टेकड्यांच्या पायथ्याशी मंद वाहणाऱ्या, काठावर गवत असलेल्या स्वच्छ ओढ्यांत वाढते. पहिलीचा जोर पावसाळ्यात, तर दुसरीचा पावसाळ्यानंतर व हिवाळ्यात असतो. त्यामुळे मोकळ्या मैदानात काही महिन्यांपुरता मर्यादित राहणारा रोग जंगलालगतच्या गावांत हिवाळ्यापर्यंत लांबतो. एकाच जिल्ह्यात हिवतापाचे दोन भिन्न स्वभाव दिसतात, याचे हे मुख्य कारण आहे.

रोगकारणाचा शोध : आल्फाँस लाव्हरां या फ्रेंच वैद्याने १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परोपजीवी प्रथम पाहिले. तोपर्यंत हा रोग दलदलीतील दूषित हवेमुळे होतो, अशी समजूत होती. रॉनल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भित्तीत परोपजीवीची वाढ होत असल्याचे दाखविले. पुढील वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून डासाच्या लाला ग्रंथींपर्यंतचा परोपजीवीचा प्रवास त्यांनी सिद्ध केला. त्याच सुमारास इटलीत जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनॉफेलीस डासच पसरवितो, हे निश्चित केले. रक्तात येण्यापूर्वी परोपजीवी यकृतात वाढतो, हे हेन्री शॉर्ट व सिरिल गार्नहॅम यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले.

गोंदिया परिसरात परोपजीवीच्या दोन जाती महत्त्वाच्या आहेत. प्लास्मोडियम फाल्सिपेरममुळे होणारा हिवताप मेंदू व मूत्रपिंडे यांवर परिणाम करून प्राणघातक ठरू शकतो. वनक्षेत्रात मुख्यतः हाच आढळतो. प्लास्मोडियम व्हायव्हॅक्समुळे होणारा हिवताप तुलनेने सौम्य असला, तरी त्याचे काही परोपजीवी यकृतात सुप्त राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ताप पुन्हा उलटतो.

स्वातंत्र्यपूर्व काळ : सिंकोना वृक्षाच्या सालीपासून मिळणारे क्विनीन, म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेले कोयनेल, हे त्या काळी एकमेव खात्रीचे औषध होते [→ क्विनीन, सिंकोना]. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याच्या पुड्या टपाल कचेऱ्यांतून विकल्या जाऊ लागल्या. तथापि टपाल कचेरीपासून दूर असलेल्या जंगलातील पाड्यांपर्यंत हे औषध क्वचितच पोहोचे.

याच काळात लोहमार्ग आले. बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावरील गोंदिया हे महत्त्वाचे प्रस्थानक बनले व तेथून बालाघाट-नैनपूरकडे सातपुड्यातून जाणारा अरुंदमापी फाटा निघाला. मार्गाचे भराव घालण्यासाठी खणलेल्या खड्ड्यांत पाणी साचून डास वाढत आणि मजूर व कर्मचारी तापाने आजारी पडत. भारतातील अनेक लोहमार्गांवर हाच अनुभव आला. बंगाल-नागपूर रेल्वेने याकरिता रॉनल्ड सीनियर-व्हाइट या हिवतापतज्ञाची नेमणूक केली. त्यांनी पूर्व भारतातील डोंगराळ मार्गांलगतच्या डासजातींचा बारकाईने अभ्यास केला. सर्व डासांचा नाश करण्यापेक्षा त्या ठिकाणी रोग पसरविणारी जाती ओळखून तिच्याच पैदाशीवर उपाय योजणे, ही या काळातील संशोधनाची मोठी देणगी होय. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय हिवताप विभागाचे व १९२७ मधील हिवताप सर्वेक्षण संस्थेचे रूपांतर १९३८ मध्ये ‘मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया’ या संस्थेत झाले. पुढील देशव्यापी कार्यक्रमाचे शास्त्रीय नेतृत्व या संस्थेकडे होते.

डीडीटीचे युग : डीडीटीचा कीटकनाशक गुणधर्म पाउल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये शोधला. मुंबई इलाख्यात डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली १९४६ पासून कारवार (उत्तर कानडा) व धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचा मोठा प्रयोग झाला. रक्त शोषून झाल्यावर डासाची मादी भिंतीवर विसावते. भिंतीवरील औषधाने ती काही वेळात मेली, तर तिच्या शरीरातील परोपजीवींची वाढ पूर्ण होण्यास लागणारे सुमारे दहा ते चौदा दिवस तिला मिळत नाहीत व रोगाची साखळी तुटते, हे त्यामागील तत्त्व होते. खर्च अल्प व यश मोठे, असे या प्रयोगाने दाखविले आणि राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाया घातला गेला.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख लोक त्याने दगावत, असा अंदाज होता. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला. त्याच्या यशामुळे १९५८ मध्ये नियंत्रणाऐवजी निर्मूलन हे ध्येय ठरविण्यात आले. घरोघर जाऊन तापाच्या रुग्णांची चौकशी करणे व बोटातून रक्त घेऊन काचपट्टीवर तपासणे ही पद्धत याच काळात रूढ झाली. १९६१ मध्ये देशातील नोंदलेल्या रुग्णांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास आली. रोग संपला, अशी भावना सर्वत्र पसरली.

पुनरागमन व त्याची कारणे : हे यश टिकले नाही. १९७६ मध्ये देशात सुमारे ६४ लाख ७० हजार रुग्णांची नोंद झाली. कीटकनाशकांचा तुटवडा, वाढलेला खर्च, अपुऱ्या आरोग्य यंत्रणेकडे कार्यक्रमाचे घाईने झालेले हस्तांतरण व डासांमधील प्रतिकारक्षमता ही त्याची प्रमुख कारणे होत. ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीस डासांतील डीडीटी-प्रतिकार गुजरातमध्ये १९५९ मध्येच आढळला होता. प्रतिकारक्षमता देणारी जनुके (आनुवंशिक लक्षणे निश्चित करणारे घटक) काही थोड्या डासांत मूळचीच असतात. फवारणीत इतर डास मरतात, हे वाचतात व त्यांचीच संतती वाढते. औषधाचा दीर्घ व एकसुरी वापर हीच अशा प्रकारे प्रतिकाराची निवड ठरते.

वनक्षेत्रात याखेरीज आणखी काही कारणे होती. मातीच्या भिंती सणासुदीपूर्वी सारविल्या जात व फवारलेले औषध सारवणाखाली झाकले जाई. भात राखण्यासाठी लोक शेतातील माळ्यावर किंवा मांडवात रात्र काढीत. मोहफुले, तेंदूपाने व बांबू यांसाठी त्यांना जंगलात मुक्काम करावा लागे. तेथे ना भिंत होती ना फवारणी. घराच्या भिंतीवर आधारलेला कार्यक्रम घराबाहेर झोपणाऱ्या माणसाचे रक्षण करू शकत नव्हता. मैदानी भागात जे साधन प्रभावी ठरले, ते टेकड्यांच्या पायथ्याशी अपुरे पडले, ते या जीवनपद्धतीचा विचार कार्यक्रमाच्या आखणीत पुरेसा झाला नव्हता म्हणून.

१९७७ मध्ये सुधारित कार्ययोजना अंमलात आली. निर्मूलनाचे ध्येय बाजूला ठेवून मृत्यू टाळणे व रोगाचे प्रमाण घटविणे यांवर भर देण्यात आला. लोकसंख्येच्या दर हजारी दोन किंवा अधिक रुग्ण असलेल्या भागांतच फवारणी करण्याचे ठरले. फाल्सिपेरम हिवतापासाठी स्वतंत्र प्रतिबंध कार्यक्रमही त्याच वर्षी सुरू झाला. १९९७ मधील जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या वाढीव नियंत्रण प्रकल्पात महाराष्ट्रासह आठ राज्यांतील आदिवासी भागांवर लक्ष केंद्रित करण्यात आले.

डासांची आनुवंशिकी : १९७७ मध्ये दिल्ली येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे हिवताप संशोधन केंद्र (नंतरची राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्था) स्थापन झाले. तेथे सरला सुब्बाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी डासांच्या गुणसूत्रांचा (आनुवंशिक घटक वाहून नेणाऱ्या कोशिकेतील सूत्रांचा) अभ्यास केला. बाह्यतः एकच दिसणारी ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीस ही प्रत्यक्षात परस्परांत संकर न करणाऱ्या अनेक भगिनी जातींचा गट आहे, हे १९८० पासूनच्या संशोधनात स्पष्ट झाले. ए, बी, सी, डी व ई अशी नावे दिलेल्या या पाच जातींपैकी बी ही हिवताप पसरविण्यात अत्यंत दुर्बल आहे, तर इतर जाती रोगवाहक आहेत. ॲनॉफेलीस फ्लुव्हिॲटिलिसचेही एस, टी व यू असे प्रकार १९९० नंतरच्या दशकात ओळखले गेले. त्यांपैकी एस हा माणसाचे रक्त पसंत करणारा प्रभावी रोगवाहक आहे. इतर दोन प्रामुख्याने गुरांकडे वळतात. परिणामी नुसती डासांची संख्या मोजून धोका ठरत नाही, तर ते डास कोणत्या भगिनी जातीचे आहेत, हे पाहावे लागते.

परोपजीवीतील बदल : क्लोरोक्वीन हे स्वस्त व गुणकारी औषध दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र वापरात आले. १९७३ मध्ये आसामात त्याला दाद न देणारा फाल्सिपेरम हिवताप भारतात प्रथम आढळला आणि पुढील काळात तो देशाच्या इतर भागांत, मध्य भारताच्या वनपट्ट्यातही, पसरला. परोपजीवीच्या एका जनुकातील उत्परिवर्तनामुळे (आकस्मिक आनुवंशिक बदलामुळे) औषध त्याच्या अन्न-रिक्तिकेतून बाहेर फेकले जाते. २०१० पासून देशभर फाल्सिपेरम हिवतापावर आर्टेमिसिनीनयुक्त संयुक्त उपचार देण्यात येऊ लागला. हे द्रव्य तू योयो या चिनी संशोधिकेच्या गटाने १९७२ मध्ये एका पारंपरिक वनस्पतीतून वेगळे केले होते. त्यासाठी तू योयो यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दोन औषधे एकत्र दिल्याने परोपजीवीस एकाच वेळी दोन्हींचा प्रतिकार करणे कठीण जाते.

निदानातही असाच अनुभव आला. गावपातळीवर वापरल्या जाणाऱ्या शीघ्र चाचणी पट्ट्या परोपजीवीच्या एका विशिष्ट प्रथिनावर अवलंबून असतात. ज्या परोपजीवीत या प्रथिनाचे जनुकच लोपले आहे, तो या चाचणीतून निसटतो. असे परोपजीवी भारतातही आढळले आहेत. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालील रक्ततपासणीचे महत्त्व कमी झालेले नाही.

माणसाच्या रक्तातील ठसा : पिढ्यान्‌पिढ्या हिवताप सोसलेल्या लोकसमूहांच्या रक्तात त्याचे आनुवंशिक परिणाम दिसतात. दात्र-कोशिका पांडुरोग (सिकलसेल आजार) हे त्याचे ठळक उदाहरण आहे. या रोगात रक्तारुणातील (हीमोग्लोबिनातील) एका ॲमिनो अम्लाचा बदल झाल्याने तांबड्या कोशिका ऑक्सिजन कमी पडताच विळ्यासारख्या वाकड्या होतात. हिवतापामुळे अशी रक्तदोषाची जनुके टिकून राहत असावीत, अशी कल्पना जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलॅसिमियासंबंधात मांडली होती. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले व पुढे भारताचे नागरिक झाले. १९५४ मध्ये अँटनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील पाहणीतून दात्र-कोशिकेचे एकच जनुक असलेल्या वाहकास गंभीर फाल्सिपेरम हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते, हे दाखविले.

भारतात हे जनुक १९५२ मध्ये निलगिरीतील जमातींत प्रथम आढळले. नागपूर येथील आर. एन. शुक्ल व बी. आर. सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील दात्र-कोशिका वाहकांविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. महाराष्ट्रातील आदिवासी भागांत पुण्याच्या बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयातील सुदाम काटे यांनी अनेक वर्षे पाहण्या केल्या. गोंड, माडिया, परधान इ. काही जमातींत दर पाच व्यक्तींमागे सुमारे एक व्यक्ती वाहक असल्याचे त्यांत दिसून आले. हे जनुक पूर्व विदर्भातील आदिवासींखेरीज इतर समाजांतही आढळते. तेव्हा ते कोणा एका जातिजमातीचे लक्षण नसून ज्या भूमीत हे लोक राहिले, तेथील हिवतापाचा तो वारसा आहे. १९८६ मधील संशोधनानुसार भारत व पूर्व सौदी अरेबिया येथील हे जनुक आफ्रिकेतील जनुकांहून वेगळ्या उत्परिवर्तनातून उद्‌भवले आहे.

या संरक्षणाची किंमत पुढील पिढीला द्यावी लागते. वाहक स्वतः सामान्यतः निरोगी असतो. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते. ज्याला दोन्ही जनुके मिळतात, त्यास हिवतापापासून संरक्षण मिळत नाही. उलट हिवतापाच्या झटक्याने त्याची प्रकृती एकदम ढासळू शकते. त्यामुळे अशा रुग्णाच्या तापाकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते. हिवताप ओसरला, तरी हे जनुक अनेक पिढ्या मागे उरते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय दात्र-कोशिका पांडुरोग निर्मूलन अभियान सुरू झाले. विवाहपूर्व तपासणी व सल्ला यांना त्यात महत्त्व आहे. मात्र वाहक असणे हा दोष मानून मुलामुलींचे विवाह मोडले गेले, तर लोक तपासणीच टाळू लागतात.

ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज या एंझाइमाची (जीवरासायनिक विक्रिया घडविणाऱ्या प्रथिनाची) न्यूनता हा दुसरा आनुवंशिक दोष. व्हायव्हॅक्स हिवतापाच्या यकृतातील सुप्त परोपजीवींवर प्रिमाक्वीन हे औषध चौदा दिवस देतात. ही न्यूनता असलेल्या व्यक्तीस त्यामुळे तांबड्या कोशिका फुटण्याचा धोका असतो. या दोहोंतील संबंध १९५६ मध्ये उघडकीस आला. म्हणजे रोग्याला पूर्ण बरे करणारे औषध कोणाला निर्धास्तपणे द्यावे, हा प्रश्नही शेवटी आनुवंशिकतेपाशी येऊन पोहोचतो.

सद्यःस्थिती : एकविसाव्या शतकात गावातील आशा कार्यकर्तीच्या हाती शीघ्र चाचणी व औषधे देण्यात आली. दीर्घकाळ टिकणाऱ्या कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्यांचे वाटप झाले. शेतातील मांडवात किंवा जंगलातील मुक्कामी नेता येत असल्याने हे साधन भिंतीवरील फवारणीची उणीव काही अंशी भरून काढते. लहान पाणवठ्यांत व विहिरींत डिंभभक्षक गप्पी मासे सोडण्यात येतात. तथापि विस्तीर्ण बांध्या व जंगलातील ओढे यांना हा उपाय पुरा पडत नाही. देशात नोंदलेल्या रुग्णांची संख्या २०१५ मधील ११ लाख ६९ हजारांवरून २०२३ मध्ये २ लाख २७ हजारांवर आली. भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये उत्पादन होणाऱ्या आर-२१ या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. तिचा वापर मुख्यतः आफ्रिकेतील बालकांसाठी होत आहे.

रुग्णसंख्या घटल्यानंतरचा काळ निर्मूलनात सर्वांत नाजूक असतो, हे १९६१ नंतरच्या अनुभवाने दाखविले आहे. गडचिरोलीतील आदिवासी भागात झालेल्या तपासणीत ताप नसलेल्या व्यक्तींच्या रक्तातही परोपजीवी आढळले. अशा व्यक्ती दवाखान्यात येत नाहीत, पण डासांना मात्र त्यांच्याकडून संसर्ग होतो. गोंदियाच्या सीमेलगत तीन राज्यांची जंगले एकमेकांत मिसळली आहेत व मजुरांची ये-जा सतत चालू असते. त्यामुळे एका जिल्ह्यातील यश शेजारच्या जिल्ह्यांतील यशावर अवलंबून राहते. डासांची जाती, औषधाचा गुण, माणसांचे रक्त व त्यांचा रात्रीचा निवारा यांची पाहणी रुग्ण नसतानाही चालू ठेवणे, हाच या जिल्ह्याच्या हिवतापविषयक इतिहासाचा मुख्य निष्कर्ष होय.